गूगलच्या मोफत जाहिराती: महिन्याला १०,००० डॉलर मंजूर, खर्च २०० सुद्धा होत नाहीत

मुळाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पुण्यात सहकारनगरमधल्या एका छोट्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला गूगल ॲड ग्रँट्स (सेवाभावी संस्थांना गूगल शोधात मोफत जाहिराती करू देणारं अनुदान) मंजूर होऊन चार महिने झाले. संस्थेची कामं तीन: वापरण्याजोगे जुने कपडे घरोघरून गोळा करून वस्त्यांत पोचवणं, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी नवी पेठेत मोफत अभ्यासिका, आणि गणेशोत्सवात निर्माल्य संकलन.

खात्याची आजची स्थिती अशी. एकच कॅम्पेन (जाहिरात मोहीम), त्यात एकच ॲड ग्रुप (जाहिरातींचा गट), ६४ कीवर्ड (ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द). "दान", "मदत", "समाजसेवा", "वस्त्रदान", "पुणे संस्था" असे. सगळ्या जाहिराती होम पेजवर नेतात. लोकेशन अख्खा भारत. रोजचं बजेट ३२९ डॉलर, जातात ५-६. सीटीआर (जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या क्लिकचं प्रमाण) ३.२ टक्के, आणि ५ टक्क्यांची अट पाळली जात नसल्याचं खात्यात दिसतंय.

विचारायचं आहे ते असं: खातं बंद पडू नये म्हणून आधी काय हातात घ्यावं? मराठीत जाहिरात करून उपयोग होतो का? आणि एवढी मोठी रक्कम दर महिन्याला वाया जाते, ती वापरात कशी आणायची?

कीवर्डकर

आधी नियम, कारण दोन तर उघडच मोडलेत.

"दान", "मदत", "समाजसेवा" हे एकशब्दी कीवर्ड ग्रँटच्या खात्यात चालत नाहीत. अपवाद म्हणजे संस्थेचं स्वतःचं नाव, मान्य वैद्यकीय आजारांची नावं आणि गूगलने ठरवून दिलेले मोजके शब्द. दोन शब्दी असूनही फार ढोबळ असेल ("मोफत व्हिडिओ", "आजच्या बातम्या" या जातीचं) तर तेही नाही. क्वालिटी स्कोअर (गूगल कीवर्डला देतं ते दहापैकी गुण) १ किंवा २ असलेले कीवर्ड ठेवता येत नाहीत. एका कॅम्पेनमध्ये किमान दोन ॲड ग्रुप आणि खात्याला किमान दोन साइटलिंक (जाहिरातीखाली दिसणाऱ्या जादा लिंका) लागतात. तुमच्याकडे ॲड ग्रुपच एक आहे.

सीटीआर पूर्ण खात्याचा, महिन्याचा मोजतात. सलग दोन महिने ५ टक्क्यांच्या खाली राहिला की खातं बंद होऊ शकतं. बंद झालं तरी दुरुस्ती करून फॉर्म भरून परत सुरू करून घेता येतं, त्यामुळे घाबरून रात्रीत सगळं उलटंपालटं करू नका.

आज रात्री करायचं ते एवढंच: कीवर्डच्या तक्त्यात क्वालिटी स्कोअरचा कॉलम जोडा, १-२ वाले थांबवा, एकशब्दी सगळे थांबवा. मग रोज चालणारा ऑटोमेटेड रूल लावा: क्वालिटी स्कोअर ३ पेक्षा कमी झाला की कीवर्ड थांबवायचा. स्कोअरच्या जागी नुसती रेघ दिसली तर पुरेसा डेटा नाही एवढाच त्याचा अर्थ. ते कीवर्ड राहू द्या.

पेठेतला

सीटीआरचं गणित एकदा कागदावर मांडून बघा, म्हणजे कुठे कात्री लावायची ते कळतं. समजा कपड्यांच्या कीवर्डवर ४,००० वेळा जाहिरात दिसली आणि ४०० क्लिक आले, म्हणजे १० टक्के. "समाजसेवा" छाप कीवर्डवर १६,००० वेळा दिसली आणि ४८० क्लिक आले, म्हणजे ३ टक्के. बेरीज २०,००० ला ८८०, म्हणजे ४.४. चांगलं कॅम्पेन चांगलं असूनही खातं नापास. ढोबळ कीवर्ड काढल्यावर क्लिक कमी होतील आणि टक्केवारी वर जाईल. पहिल्या महिन्यात क्लिक घटलेले बघून कोणी विश्वस्त नाराज झाले तर हा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा.

शनिवारची_टेकडी

मला मूळ अडचण वेगळीच दिसते. "वस्त्रदान" हा शब्द संस्थेच्या अहवालातला आहे. घरात कपाट आवरायला बसलेला माणूस फोनवर "वस्त्रदान" टाइप करत नाही. तो लिहितो "जुने कपडे कुठे द्यायचे", "जुने कपडे घेऊन जाणारी संस्था पुणे", "लहान मुलांचे कपडे दान करायचे आहेत". संस्थेच्या शब्दात आणि लोकांच्या शब्दात जेवढं अंतर, तेवढ्या या फुकटच्या जाहिराती निकामी.

संस्थेचा फोन कोण उचलतं? त्या व्यक्तीजवळ एक वही ठेवा आणि पंधरा दिवस प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगा. "ताई, गाद्या घेता का?" "धुऊन द्यायचे का?" "फाटलेले चालतील?" "टेम्पो धायरीला येतो का?" त्या वहीतली वाक्यं म्हणजेच कीवर्ड. शिवाय वेबसाइटवर कोणती माहिती नाही तेही त्याच वहीतून कळतं, कारण साइटवर उत्तर असतं तर माणसाने फोन कशाला केला असता?

त्यानंतर कपड्यांसाठी स्वतंत्र पान करा. काय घेतो, काय घेत नाही (अंतर्वस्त्रं, फाटके, ओले), किमान किती पिशव्या असल्या तर घरी येतो, कोणत्या भागात कोणत्या वारी टेम्पो येतो, आणि नाव-पत्ता-फोन एवढाच फॉर्म. जाहिरात थेट या पानावर आली पाहिजे. होम पेजवर संस्थापकांचा फोटो आणि बोधवाक्य बघून माणूस मागे फिरतो.

भांडारकर_रोड

वहीला माझा दुजोरा. फक्त भर घालते: "जुने कपडे" या शोधात मोठा हिस्सा विकणाऱ्यांचा असतो. "जुन्या साड्या विकत घेणारे", "जुन्या कपड्यांवर भांडी", "कपडे किलो भाव". बोहारणीला शोधणारा माणूस तुमच्या जाहिरातीवर क्लिक करणार नाही, किंवा केला तरी लगेच परत जाईल. म्हणून निगेटिव्ह कीवर्ड (जे शब्द शोधात असले तर जाहिरात दिसू नये) हवेतच: भांडी, भाव, किलो, विकणे, विकत, भंगार, नोकरी, पगार.

इथे मराठीचा एक खास त्रास आहे. साधे कीवर्ड जवळची रूपं आपोआप पकडतात, निगेटिव्ह मात्र एकवचन-अनेकवचन किंवा समानार्थी शब्द आपोआप पकडत नाहीत. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की रूपच बदलतं. विकणे, विकायचे, विकायच्या, विक्री, विकत हे पाचही वेगवेगळे घालावे लागतात. भांडी घातलं तरी "भांड्यांवर" सुटतं. दर सोमवारी सर्च टर्म्सचा रिपोर्ट (लोकांनी खरंच काय शोधलं त्याची यादी) उघडून दहा मिनिटं हेच काम करायचं. तीन-चार आठवड्यांत यादी भरते.

रविवार_पेठ_४११

एक प्रश्न कोणीच विचारला नाही. कन्व्हर्जन मोजताय का? म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या किती जणांनी फॉर्म भरला, फोन केला, देणगी दिली?

मुळाकाठची

नाही. फॉर्म आहे, पण तो नुसता ईमेलवर येतो. ॲनालिटिक्स (साइटवरच्या भेटी मोजणारं गूगलचं साधन) बसवलंय, ॲड्सच्या खात्याला जोडलेलं नाही.

रविवार_पेठ_४११

मग खर्च न होण्याचं मोठं कारण सापडलं. २२ एप्रिल २०१९ नंतर उघडलेल्या ग्रँट खात्यांना कन्व्हर्जनवर चालणारं स्मार्ट बिडिंग (क्लिकची बोली गूगलची यंत्रणाच ठरवते) सक्तीचं आहे: मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स, टार्गेट सीपीए वगैरे. हाताने बोली लावली तर क्लिकला २ डॉलरची कमाल मर्यादा आहे, या पद्धतींना ती लागू नाही. पण ही यंत्रणा कन्व्हर्जन बघून शिकते. तुमच्या खात्यात कन्व्हर्जन शून्य, म्हणजे कोणाला जाहिरात दाखवावी हे तिला कळायला मार्गच नाही. ती हात आखडून बसते. शिवाय महिन्याला किमान एक कन्व्हर्जन नोंदलं जावं ही अटही आहेच.

क्रमाने करा:

फॉर्म भरल्यावर "धन्यवाद" असं वेगळं पान उघडेल अशी सोय करा. त्या पानाचा वेगळा पत्ता असावा, आणि साइटवर दुसरीकडे कुठेही त्याची लिंक नसावी. ॲनालिटिक्समध्ये ते पान उघडण्याचा इव्हेंट तयार करून तो "की इव्हेंट" (महत्त्वाची कृती) म्हणून नोंदवा. ॲनालिटिक्स आणि ॲड्स जोडा, ॲड्सच्या गोल्स विभागात तो आयात करा. मोजणी "एक" ठेवा, "प्रत्येक" नको. एकाच माणसाने पान तीनदा ताजं केलं तर तीन नोंदी व्हायला नकोत. देणगीसाठी मात्र "प्रत्येक" आणि खरी रक्कम.

दुसरी नोंद फोनची. मोबाइलवर नंबर नुसता छापलेला नको, दाबला की डायल होईल अशी लिंक हवी, म्हणजे दाबणं मोजता येतं. ही दोन "प्रायमरी" ठेवा. पान खाली सरकवलं, व्हिडिओ पाहिला असल्या गोष्टी "सेकंडरी", म्हणजे दिसतील पण बोली त्यांवर ठरणार नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. १०० क्लिकला ८०-९० कन्व्हर्जन दिसू लागली तर आनंद मानू नका. टॅग चुकून प्रत्येक पानावर बसला आहे, आणि प्रत्येक भेट कन्व्हर्जन धरली जाते आहे. असं मोजमाप ग्रँटच्या नियमात बसत नाही, आणि त्यावर शिकलेली बोलीही वेड्यासारखी कुठेही जाते.

गणकयंत्र

देणगीच्या मोजणीत पुण्यात, खरं तर सगळ्या महाराष्ट्रातच, एक भोक राहतं: यूपीआयचा क्यूआर. पानावर क्यूआरचं चित्र लावलं असेल तर माणूस दुसऱ्या ॲपमधून पैसे पाठवतो आणि साइटवर काहीच नोंद होत नाही. पेमेंट गेटवेमधून केलं तर तो परत तुमच्या "धन्यवाद" पानावर येतो. तेव्हाही गेटवेचं डोमेन ॲनालिटिक्सच्या नको असलेल्या रेफरल्सच्या यादीत घाला. नाहीतर देणगीचं श्रेय जाहिरातीऐवजी गेटवेला जातं, आणि अहवालात दिसतं की सगळे देणगीदार जणू बँकेच्या पानावरूनच आले!

क्यूआर काढू नका, वयस्कर देणगीदारांना तोच सोपा पडतो. त्याच्याखाली "पावतीसाठी नाव आणि पॅन इथे भरा" असा छोटा फॉर्म द्या. पावती हवी असते, त्यामुळे बरेच जण भरतात. मग तो फॉर्मच कन्व्हर्जन.

ताळेबंद

पावतीचा विषय निघालाच आहे म्हणून, जाहिरातीच्या मजकुरात करसवलत लिहिताना जपा.

कपडे, पुस्तकं, धान्य अशा वस्तूरूप देणगीला ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) लागू नाही. कपड्यांच्या जाहिरातीत "८०जी पावती मिळेल" लिहिणं चूक. रोख २,००० रुपयांवरच्या देणगीलाही सवलत नाही. नवीन करप्रणालीत असलेल्याला ८०जी मिळतच नाही, आणि आता तीच मूळची धरली जाते. म्हणून "करसवलत मिळवा" असं सरसकट न लिहिता "८०जी प्रमाणपत्र उपलब्ध" एवढं लिहा. देणगीदारांचा तपशील संस्थेने १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरायचा आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं, म्हणजे पॅन जाहिरातीच्या पहिल्या दिवसापासून गोळा व्हायला हवा.

आणि लोकेशन. एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर देणगीचं कॅम्पेन भारताबाहेर दाखवू नका. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी योगदान ठरत नाहीत, पण ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) विदेशी धरले जातात. जाहिरात हा फरक करू शकत नाही. नोंदणी असेल तरी विदेशी पैसे आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत.

शनिवारची_टेकडी

लोकेशनवरून आठवलं: मूळची सेटिंग "त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले" अशी असते. ती बदलून "तिथे असलेले" करा. नाहीतर पुण्याबद्दल काहीतरी शोधणारा कुठल्या कुठला माणूस येतो. टेम्पो सिंहगड रोड, सहकारनगर, कोथरूड एवढाच फिरत असेल तर त्या भागाभोवती काही किलोमीटरचा घेर टाका. वाघोलीहून आलेला फॉर्म म्हणजे तुमच्या स्वयंसेवकाला "येऊ शकत नाही" असा एक फोन जास्त.

लेखणी_आणि_फोन

दुसऱ्या प्रश्नाकडे, मराठीकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते.

मराठीत जाहिराती चालतात, भाषांच्या यादीत मराठी आहे. पण भाषेत फक्त मराठी निवडू नका. पुण्यात कितीतरी लोकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते आणि शोध मराठीत. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवा. कीवर्डही तीन प्रकारे द्या: देवनागरीत, रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, आणि सरळ इंग्रजी. रोमनमध्ये एकाच शब्दाची तीन स्पेलिंग होतात, तीही घाला. मात्र देवनागरीसाठी वेगळा ॲड ग्रुप करा, म्हणजे देवनागरीत शोधणाऱ्याला मराठी जाहिरात आणि मराठी पान मिळेल. क्वालिटी स्कोअरला यानेच हातभार लागतो.

आता मजकुराची लांबी. हेडलाइनला ३० अक्षरं, डिस्क्रिप्शनला ९०. एका जाहिरातीत १५ हेडलाइन आणि ४ डिस्क्रिप्शन घालता येतात. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. "अमोनियम बायकार्बोनेट कुठे मिळेल" घ्या (गणपतीची मूर्ती घरी विरघळवायची पावडर). डोळ्यांना १६ अक्षरं आणि मधल्या ३ जागा. मोजणीत होतात ३१, आणि हेडलाइन नाकारली जाते. त्यातलं "अमोनियम" काढलं की २३. "जुने कपडे घरून नेतो" ही १९ मध्ये बसते. "स्वयंसेवक नोंदणी सुरू आहे" २५. जोडाक्षरांचे तत्सम शब्द महाग पडतात, साधे मराठी शब्द स्वस्त. "वस्त्र संकलन" लिहिण्याऐवजी "कपडे नेतो" लिहा: जागाही वाचते आणि कळतंही पटकन.

हेडलाइन कशाही जोडीने एकत्र दाखवल्या जातात, म्हणून प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी पूर्ण असावी. "आम्ही तुमच्या दारी" आणि "येतो आणि कपडे नेतो" असं वाक्य तोडून घालू नका, दुसरी ओळ आधी आली की अर्थ लागत नाही.

पेठेतला

वा, ३१ चा हिशोब करून पाहिला, बरोबर आहे. शुद्धलेखनाच्या धाग्यावर हलन्ताची किंमत इतकी कोणी सांगितली नव्हती :)

विसर्जन_घाट

बायकार्बोनेटचा विषय आलाच आहे तर थोडं अवांतर, पण धाग्याच्या कामाचं.

निर्माल्य संकलनाच्या संस्थेला वर्षातले सगळ्यात जास्त शोध गणेशोत्सवाच्या काळात मिळतात. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच बादलीत विरघळवण्याची अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, आणि पुणे महापालिका ती पावडर वाटते. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. बायकार्बोनेटशी क्रिया होऊन खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, जे पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं. मूर्तीचे रंग, कापड, दागिने आधी काढायचे, भांडं मोठं घ्यायचं कारण फेस येतो, खिडक्या उघड्या ठेवायच्या कारण वास उग्र असतो.

हे सगळं ज्या पानावर स्वच्छ मराठीत, फोटोंसकट असेल ते पान त्या दहा दिवसांत चालतं. शोधांचे उंचवटे ठरलेले: दीड दिवस, पाचवा, सातवा आणि अनंत चतुर्दशी. पान आणि जाहिरात मात्र किमान तीन-चार आठवडे आधी चालू हवी. स्मार्ट बिडिंगला शिकायला वेळ लागतो आणि जाहिरातीची तपासणीही व्हायची असते. गणपती बसल्यावर कॅम्पेन सुरू केलं तर यंत्रणा शिकेपर्यंत विसर्जन होऊन जातं.

भांडारकर_रोड

आणि त्या पानाच्या शेवटी निर्माल्य संकलनाच्या ठिकाणांची यादी द्या. "निर्माल्य कुठे द्यायचे" हा वेगळा कीवर्ड, त्याचं वेगळं उत्तर.

सरळ_हिशोब

सगळ्यांचं वाचतोय. तिसऱ्या प्रश्नावर मात्र माझं मत धागाकर्तीपेक्षा वेगळं. १०,००० डॉलर पूर्ण वापरणं हे ध्येय ठेवूच नका. शिल्लक रक्कम पुढच्या महिन्यात जात नाही, खरं आहे, पण ते संस्थेच्या खिशातले पैसेही नाहीत. टेम्पो एक, स्वयंसेवक बारा. महिन्याला ४०० घरांहून कपडे यायला लागले तर ते वर्गीकरण कोण करणार? ओल्या पावसाळ्यात ठेवणार कुठे? जेवढं झेपेल तेवढंच बोलवा.

कीवर्डकर

इथे मी असहमत आहे. कपड्यांचं बरोबर, तिथे मर्यादा हवीच. पण माहितीच्या पानांना टेम्पो लागत नाही. मूर्ती विरघळवण्याची कृती, एमपीएससीची तयारी करणाऱ्यांसाठी अभ्यासिकेत जागा कशी मिळवायची, फाटक्या कपड्यांचं घरच्या घरी काय करता येतं: अशी दहा चांगली पानं असतील तर हजारो लोकांना उत्तर मिळेल आणि त्यातले काही स्वयंसेवक होतील. रक्कम वापरली जाते ती पानांमुळे. तीन पानांच्या साइटवर ३२९ डॉलर रोज जाणं शक्यच नाही, कितीही कीवर्ड घाला.

आणखी एक लक्षात घ्या: ग्रँटच्या जाहिराती पैसे देणाऱ्यांच्या जाहिरातींच्या खाली येतात. ज्या शोधावर मोठ्या संस्था पैसे ओततात ("ऑनलाइन देणगी" वगैरे), तिथे तुम्ही फारसे दिसणारच नाही. ज्या बारीक प्रश्नावर कोणी जाहिरात करत नाही तिथे पूर्ण पान तुमचं.

सरळ_हिशोब

हे पटलं. मग दोन वेगळी कॅम्पेन करा आणि कपड्यांच्या कॅम्पेनचं रोजचं बजेट छोटं ठेवा, समजा १५ डॉलर. टेम्पो वाढला की बजेट वाढवा.

हडपसरी

आमची संस्था बालवाडी चालवते आणि शेजारी एक दवाखाना. आम्हाला ग्रँट मिळेल का?

कीवर्डकर

@हडपसरी, शासकीय संस्था, रुग्णालयं आणि आरोग्यसेवा देणाऱ्या संस्था, तसंच शाळा-महाविद्यालयं यांना मिळत नाही. शिक्षणसंस्थेची वेगळी नोंदलेली धर्मादाय शाखा पात्र ठरू शकते. दवाखाना वेगळ्या नोंदणीखाली असेल तर प्रश्न वेगळा. पडताळणी कोणत्या नोंदणीवर होते ते आधी पक्कं करा, आणि धर्मादाय आयुक्तांकडचं प्रमाणपत्र, १२एबी (आयकर खात्याकडची नोंदणी) आणि पॅन या तिन्हींवर संस्थेचं नाव अक्षरशः एकच आहे ना ते बघा. "सेवा मंडळ" आणि "सेवामंडळ" असा फरकसुद्धा पडताळणी लांबवतो.

साइट स्वतःच्या डोमेनवर, एचटीटीपीएस असलेली हवी. त्यावर दुसऱ्यांच्या जाहिराती दाखवून कमाई करणं चालत नाही. फेसबुक पानावर जाहिरात नेता येत नाही. आणि खातं उघडताना क्रेडिट कार्ड कुठेही घालू नका, ग्रँटच्या खात्याला ते लागत नाही.

अभ्यासिका_रात्री

अभ्यासिकेबद्दल थोडं. "अभ्यासिका नवी पेठ", "मोफत अभ्यासिका पुणे", "२४ तास अभ्यासिका सदाशिव पेठ" असे शोध वर्षभर असतात. पण पानावर खरी माहिती लिहा: खुर्च्या किती, वेळ काय, अनामत आहे का, चार्जिंगचा पॉइंट आहे का, मुलींसाठी वेगळी जागा आहे का, आज किती जागा रिकाम्या. शेवटची ओळ आठवड्याला बदला. जागा भरल्या असतील तर ते कॅम्पेन सरळ थांबवा. बाहेरगावाहून आलेल्या मुलाला पिशवी घेऊन चार जिने चढायला लावून "जागा नाही" म्हणणं बरं नव्हे.

मुळाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात केलेलं सांगते, चुकलं असेल तर टोका.

एकशब्दी कीवर्ड सगळे थांबवले, ६४ मधले ९ उरले. तीन कॅम्पेन: कपडे (१५ डॉलर, घेर टाकलेला), अभ्यासिका (पुणे), गणेशोत्सव (तयार, थांबवलेलं). प्रत्येकात देवनागरी आणि रोमन असे दोन ॲड ग्रुप. कपड्यांचं पान वेगळं केलं, "काय घेत नाही" ची यादी सगळ्यात वर ठेवली. "धन्यवाद" पान आणि फोन दाबण्याची नोंद सुरू. बोली मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स. साइटलिंक चार. फोनजवळ वही ठेवली आहे, तिसऱ्याच दिवशी "चादरी घेता का" पाच वेळा आलं, त्याचा कीवर्ड केला.

एक अडलंय. कपड्यांच्या कॅम्पेनला फॉर्म येतायत, पण रात्री १० नंतर भरलेल्या फॉर्मवरच्या लोकांना दुसऱ्या दिवशी फोन केला तर निम्मे उचलत नाहीत.

रविवार_पेठ_४११

रात्रीचे फॉर्म बंद करू नका, कपाट लोक रात्रीच आवरतात. फॉर्ममध्ये "फोन कधी करू" असा पर्याय द्या: सकाळी ९ ते ११, संध्याकाळी ६ ते ८. जाहिरातीला जोडलेल्या कॉल बटणाची वेळ मात्र ऑफिसच्या वेळेइतकीच ठेवा. ते त्या बटणाच्या (असेटच्या) वेळापत्रकात वेगळं लावता येतं, कॅम्पेन थांबवावं लागत नाही.

आणि "धन्यवाद" पानावर लिहा की फोन कोणत्या नंबरवरून येईल. अनोळखी नंबर आता कोणी उचलत नाही.

शनिवारची_टेकडी

चादरी घेत असाल तर पानाच्या वरच्या यादीतही लिहा, नुसता कीवर्ड नको. आणि गाद्या-उशांचं काय ते पण, वहीत येईलच.

मुळाकाठची

आलंय. गाद्या नाही, उशा नाही, चादरी आणि स्वेटर हो. आत्ताच बदलते.